पूल क्यूच्या मुठीला लिननचा रॅप कसा बांधायचा, बेळगावचा पाऊस धरून

जून लागला की बेळगावात हात कोरडा राहणं बंद होतं, हे पूल, म्हणजे टेबलावर क्यूच्या काठीनं चेंडू पॉकेटात घालायचा खेळ, खेळणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको. टिळकवाडीत असू दे नाहीतर कॅम्पात, पूल पार्लरमध्ये पंखा फिरतोय, बाहेर धो धो लागलाय, आणि शॉट मारताना मागचा हात क्यूवर कधी चिकटतोय तर कधी सटकतोय. मग कोण पावडर लावतंय, कोण रुमालानं क्यू पुसतंय, कोण सारखं पॅन्टीला हात घासतंय. याच्यावर जुना आणि पक्का इलाज म्हणजे मुठीला लिननच्या दोऱ्याचा रॅप. त्यासाठी नवीन क्यू घ्यायची गरज नाही, आहे त्याच क्यूवरचा खराब झालेला रॅप काढून नवा बांधता येतो, आणि तो घरी बांधता येतो.

आमच्या ग्रुपातल्या पोरांचे क्यू मी बांधून देतो, आणि प्रत्येकाला जे तोंडी सांगायला लागतं ते सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय. सगळ्यात आधी एक सांगतो. भारीतला दोरा आणला म्हणून रॅप भारी होत नाही. पहिल्या वेढ्यापासून शेवटच्या वेढ्यापर्यंत ताण एकसारखा राहिला आणि नंतर दाबायचं काम मन लावून केलं तर रॅप बसतो, नाहीतर कितीही महाग दोरा असला तरी दोन महिन्यांत सुटायला लागतो. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या दोन गोष्टींसाठीच आहे.

आधी दोऱ्याबद्दल. लिनन म्हणजे जवसाच्या देठातनं काढलेलं सूत. आपल्याकडे जवस लावतात ते बियांसाठी, चटणीला आणि तेलाला, ती जात बुटकी आणि फांद्यांची. सुताची जात वेगळी, उंच आणि सरळ वाढणारी, आज ती जास्त करून फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्सकडे पिकते. तरी क्यूच्या दोऱ्याला सगळे आयरिश लिननच म्हणतात, कारण आयर्लंडच्या सूतगिरण्यांनी हा माल जगभर पोचवला आणि नाव चिकटलं ते चिकटलं. नायलॉन यायच्या आधी समुद्रातल्या मोठ्या मासेमारीची दोरीसुद्धा लिननचीच असायची, आणि अमेरिकेतल्या कोर्टलँड नावाच्या मासेमारीच्या दोऱ्या बनवणाऱ्या कंपनीचाच लिनन दोरा तिथल्या क्यू कारागिरांनी वर्षानुवर्षं वापरला. मासेमारीला लिनन का, तर हे सूत ओलं झालं की कमजोर पडत नाही, उलट जास्त ताकद धरतं. आणि आपल्या कामाचा दुसरा गुण म्हणजे ते घाम पिऊन घेतं आणि लवकर वाळतं. नायलॉनचा दोरा घाम पीत नाही, तो वरच राहतो आणि मूठ बुळबुळीत होते. आपल्या पावसात हा फरक पहिल्याच दिवशी हाताला कळतो.

स्नूकर खेळणाऱ्यांसाठी इथंच थांबून एक गोष्ट. आपल्याकडे बहुतेक पार्लरात स्नूकर आणि पूल दोन्ही असतं आणि लोकांची नजर स्नूकरच्या क्यूवर बसलेली असते. १९५८ साली विल्सन जोन्स कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले तेव्हापासून आजच्या बेंगळुरूच्या पंकज अडवाणींपर्यंत आपण ज्यांचा खेळ बघत वाढलो ते बिलियर्ड्स-स्नूकरवाले, आणि त्या क्यूला मुठीवर रॅप नसतो, नुसतं गुळगुळीत लाकूड. त्यामुळं स्नूकरच्या क्यूवर हे काही करू नका. त्याच्यात दोऱ्यासाठी खाच कोरलेली नसते, वरनं दोरा बांधला तर उंचवटा तयार होतो आणि हात दर शॉटला त्याच्यावर अडतो. हे सगळं पूलच्या क्यूसाठी आहे, ज्याच्या बटवर, म्हणजे मागच्या जाड भागावर, रॅपची खाच आधीपासनं आहे.

साधारण पूल क्यू ५८ इंच म्हणजे १४७ सेंटिमीटरचा, मधे जॉइंट, मागचा बट २९ इंचाच्या आसपास. खालच्या टोकाकडनं चार-पाच इंच सोडले की साधारण १२ इंचांची ती खाच येते, दोन्ही बाजूंना रिंगा नाहीतर नुसती लाकडाची कड. खाच अर्धा मिलिमीटर किंवा थोडी जास्त खोल असते, एवढीच. दोरा त्याच्यात असा बसायला पाहिजे की डोळे मिटून बोट फिरवलं तर लाकूड कुठं संपलं आणि दोरा कुठं सुरू झाला ते पोताच्या फरकानं कळावं, उंचीनं कळू नये.

तुमच्या क्यूवर आधीच रॅप असेल आणि विकणाऱ्यानं लिनन म्हणून दिला असेल तर जुना काढताना एक धागा बाजूला ठेवा आणि चिमट्यात धरून पेटवा. लिनन कागदासारखा जळतो, कागदाचाच वास येतो आणि बोटानं चोळली की राख उडून जाते. नायलॉन किंवा पॉलिएस्टर असेल तर वितळून त्याचा कडक मणी होतो. स्वस्तातल्या क्यूवर असा मणी होणारा माल लई वेळा बघायला मिळतो.

आता सामान. लिननचा पिळाचा दोरा, मेण न लावलेला, हे शब्द ऑर्डर करताना नीट तपासा, कारण चामड्याच्या शिवणकामासाठी जो लिनन दोरा मिळतो तो बहुतेक वेळा मेणाचा असतो आणि मेणाचा दोरा ना घाम पितो ना गोंद धरतो. जाडी ०.६ ते ०.८ मिलिमीटरच्या मधे. जाडी लिहिलेली नसेल तर पेन्सिलीवर वीस वेढे खेटून मारा आणि पट्टीनं मोजा, चौदा मिलिमीटर भरले तर दोरा ०.७ चा. आणि किती लागेल त्याचा हिशोब सोपा आहे: १२ इंच म्हणजे ३०५ मिलिमीटर, ०.७ नं भागलं की साधारण ४३५ वेढे, मुठीचा व्यास ३० मिलिमीटर धरला तर एका वेढ्याला ९४ मिलिमीटर दोरा, म्हणजे सगळा मिळून ४१ मीटर. हातात ५० मीटरची सलग रीळ पाहिजे, मधे गाठ नसलेली. बाकी पांढरा फेविकॉल, कटरचं नवीन पातं, मास्किंग टेप, २४० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर, लायटर, एक मजबूत बारीक नायलॉन दोरी, आणि दाबायला जाड काचेची गोल बाटली नाहीतर स्टीलच्या जाड चमच्याची पाठ.

रंगाचं ज्याचं त्याचं, पण माझं मत मागाल तर ठिपक्यांचा घ्या, काळ्यात पांढरे ठिपके किंवा पांढऱ्यात हिरवे. कोरा पांढरा दिसायला फार सुंदर असतो, पण आपल्याकडं गेमच्या मधे मिरची भजी आणि गिरमिट आल्याशिवाय राहत नाही आणि हळद-तेलाची बोटं एकदा लागली की ते पांढरेपण गेलं.

जुना रॅप काढताना पातं उभं धरू नका, जवळजवळ आडवं धरा, खाचेच्या मधोमध दोऱ्याचे दोन-तीन वेढे तेवढे कापा आणि तिथनं हातानं उलगडत जा. दोन्ही कडांजवळ पातं न्यायचंच नाही. खाली राहिलेला गोंद पांढरा असेल तर कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं मऊ पडतो, मग नखानं किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा. पाणी ओतायचं नाही, लाकूड पाणी प्यायलं की फुगतं आणि पावसाळ्यात लवकर मूळ ठिकाणावर येत नाही. थिनर तर लांबच ठेवा, कारण तो गोंदाबरोबर रिंगेशेजारचं पॉलिशही काढतो. खाच वाळली की २४० नं हलका हात फिरवा, पण त्याच्या आधी दोन्ही बाजूंच्या पॉलिशवर मास्किंग टेप लावा आणि ती टेप काम संपेपर्यंत काढू नका.

मग खाच तपासायची, आणि ही पायरी कुणी करत नाही. दोऱ्याचे दहा-बारा वेढे गोंद न लावता कडेला खेटून घट्ट मारा, दोन्ही टोकं टेपनं धरा, ओल्या बोटानं ओलवून बाटलीनं जोरात घासा. दोरा दबून जेवढा खाली जायचा तेवढा जातो. आता नख लाकडाकडनं दोऱ्याकडं न्या. नख सरळ गेलं किंवा केसभर वर चढलं तर खाच बरोबर आहे. नख खड्ड्यात पडलं तर खाच खोल आहे, तिथं खाली कागदाचा थर द्यायचा. साधा झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर असतो, खाचेच्या मापाचा कापून फेविकॉलनं चिकटवा, पण कागदाची टोकं एकमेकांवर चढू देऊ नका, बरोबर एकाला एक भिडली पाहिजेत. नाहीतर ती चढलेली कड दोऱ्यातनं सरळ रेषेसारखी वर दिसते. आणि नख उंचवट्यावर अडलं तर दोरा जाड आहे. तेव्हा लाकूड खोदायच्या मागं लागू नका, बारीक दोरा आणा. बट वरनं खाली जाड होत जातो, खाच पण त्याच उतारानं जाते, ती लेथवर परत काढणं हे लाकडाची सवय असलेल्या टर्नरचं काम. उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथची कमी नाही, पण तिथले बहुतेक लेथ लोखंडासाठी चालतात आणि चकचे, म्हणजे लेथच्या पकडीचे, जबडे बटवर कायमचे वळ उमटवतात, तेव्हा कुणाकडं नेलातच तर जबड्यात रबराची पट्टी किंवा नायलॉनची बुश घालायला आधीच सांगा.

बांधायला लेथ पाहिजेच असं नाही. दोन फळ्यांना वरनं इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडा, फडकं लावा, टेबलावर क्लॅम्प करा आणि बट त्याच्यावर आडवा ठेवा. एकानं बट फिरवायचा, दुसऱ्यानं दोरा द्यायचा. फिरवणारा माणूस धीराचा पाहिजे, मोबाईल बघणारा नको. मिनिटाला तीस फेऱ्या धरल्या तरी १५ मिनिटांत सगळे वेढे होतात, म्हणजे घाईचं काही कारणच नाही.

रीळ कशी ठेवता त्याच्यावर लई अवलंबून आहे. उभी ठेवून डोक्यावरनं दोरा ओढला तर दर फेरीला दोऱ्यात एक पिळ जास्तीचा पडतो नाहीतर सुटतो, आणि शंभर वेढ्यांनंतर दोरा हातात गुंता करायला लागतो. म्हणून रीळ खिळ्यावर किंवा जाड तारेवर आडवी अडकवा, ती फिरली पाहिजे आणि दोरा तिच्या कुशीतनं आला पाहिजे. बांधायच्या आधी सगळा ५० मीटर दोरा एकदा बोटांतनं काढून परत गुंडाळा. लिनन हे शेतातनं आलेलं सूत आहे, त्याच्यात मधेच जाड गुठळी येते, बारीक काडी अडकलेली असते. ती नखानं काढून टाका. एखादी गुठळी निघतच नसेल आणि दोरा लांब असेल तर तेवढा भाग सोडून पुढचा सलग तुकडा घ्या. मुठीच्या मधे गाठ मारलेला रॅप कधीच सपाट होत नाही.

सुरुवातीचं टोक हे या कामातलं सगळ्यात नाजूक काम. दोऱ्याचं टोक खाली दाबून वरनं वेढे मारायचे एवढंच सगळे सांगतात, पण तसंच दाबलं तर त्या जागी इंचभर उंचवटा येतो आणि हात नेमका तिथंच जातो. त्यासाठी टोक काचेवर ठेवा आणि शेवटचा दीड इंच उलट फिरवून पिळ सोडवा. दोरा दोन किंवा तीन पदरांचा असतो, ते पदर वेगळे होतात. आता एक पदर मुळाशी कापा, दुसरा अर्ध्यावर कापा, आणि जो राहिला तो पात्याच्या पाठीनं हळू खरवडा, म्हणजे त्याचे तंतू सुटून पसरतात आणि शेवटाला नुसते केस राहतात. त्याला बोटानं फेविकॉल लावून खाचेत क्यूच्या लांबीच्या दिशेनं सपाट चिकटवा आणि पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर अंगठा फिरवला तर काही लागलं नाही पाहिजे. काही क्यूंना खाचेच्या टोकाला बारीक तिरकं भोक असतं, ते असेल तर टोक त्याच्यात घाला, गोंदाचा थेंब सोडा, मग हे पदर कापायचं सगळं वाचतं.

गोंद पूर्ण खाचेला एकदम लावायचा नाही. फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून पातळ करा, ब्रशनं तीन-चार इंच लावा आणि बोटानं एवढा पुसून काढा की लाकूड नुसतं ओलसर दिसलं पाहिजे. गोंद जास्त झाला की दोरा दाबला जाताना तो वेढ्यांतनं वर येतो, वाळून तिथं चकचकीत कडक डाग पडतो, आणि त्या डागावर घाम शोषला जात नाही. दोरा धरून ठेवायचं काम मुळात ताणाचं आहे, गोंद फक्त पहिले काही दिवस सोबतीला.

ताण हाताला कसा कळतो हे लिहून सांगणं अवघड आहे, म्हणून वडगावच्या एका विणकर काकांनी मला जे दाखवलं तेच सांगतो. त्यांचं आयुष्य साड्यांच्या मागावर गेलंय. मी दोरा मुठीत धरून ओढत होतो ते बघून म्हणाले, "काय करूलालास रे? वढू नगंस. सूत चालतंय तसं चालू दे, बोटानं फकस्त थोपव त्येला." आणि त्यांनी जुन्या चपलेच्या चामड्याचा एक तुकडा दुमडून त्याच्यातनं दोरा घालून दिला. बोटांनी चामडं तेवढं दाबून धरायचं, ओढायचं काम फिरणारा क्यू करतो. त्यानं ताण एकसारखा राहतो आणि बोटंही कापत नाहीत. बरोबर ताण किती, तर बसलेला वेढा नखानं आडवा ढकलून बघा, हलला नाही पाहिजे, आणि दोरा चामड्यातनं येताना करकरला नाही पाहिजे. पंधरा-वीस वेढ्यांमागं एकदा असं नख लावून बघत जा. मधे थांबायची वेळ आली, कुणाचा फोन आला, लाईट गेली, तर दोरा सोडून देऊ नका, आधी टेपनं बटला घट्ट चिकटवा आणि मग उठा.

दोरा क्यूला अगदी काटकोनात देऊ नका, जे वेढे झालेत त्यांच्याकडं अगदी थोडा झुकता धरा, म्हणजे नवा वेढा आधीच्याला स्वतःहून खेटतो. झुकाव जास्त झाला तर तो आधीच्या वेढ्यावर चढतो. चढलेला दिसला की तिथंच थांबायचं, क्यू उलटा फिरवून दोन-तीन वेढे सोडायचे आणि परत बसवायचे. पुढं जाऊन दाबताना बसेल असं म्हणून सोडलेला चढ कधीच बसत नाही. आणि मधे फट पडली तर लगेच नखानं वेढे मागं सरकवून बंद करा, गोंद ओला आहे तोवर ते होतं.

शेवट कसा करायचा. कड यायला साधारण दहा-बारा वेढे राहिले की नायलॉनच्या बारीक दोरीचा दुहेरी फास करून बटवर लांबीच्या दिशेनं ठेवा, फासाचं बंद तोंड शेवटच्या कडेकडं आणि दोन सुटी टोकं झालेल्या वेढ्यांच्या वर. त्या फासावरनं राहिलेले वेढे मारत कडेपर्यंत जा. शेवटचा वेढा अंगठ्यानं घट्ट धरा, लिननचा दोरा चार-पाच इंच ठेवून कापा, टोक फासातनं ओवा, आणि नायलॉनची सुटी टोकं झटका न देता सरळ ओढा. फास लिननच्या टोकाला वेढ्यांखालनं ओढत नेतो आणि दहा वेढे अलीकडं बाहेर काढतो. क्रिकेट बॅटच्या हँडलला दोरा बांधणारे शेवट असाच संपवतात, ते काम कुणी बघितलं असेल त्याला हे लगेच समजेल. इथंही तीच काळजी, आत जाणाऱ्या टोकाचा पिळ आधी सोडवा आणि एक पदर कमी करा, नाहीतर दहा वेढ्यांखाली दोरा फुगलेला दिसतो. बाहेर आलेलं टोक ताणून धरा, पातं आडवं ठेवून मुळाशी कापा, आणि राहिलेला केसभर भाग सुईच्या पाठीनं दोन वेढ्यांच्या मधे ढकला. शेवटच्या वेढ्याला कडेजवळ गोंदाचा एक बारीक थेंब काडीनं द्या, तेवढंच.

त्यानंतर रात्रभर वाळू द्या. जुलै-ऑगस्टात एक रात्र पुरत नाही, दोन द्या, आणि जास्त पावसाच्या खानापूर-जांबोटीकडचे असाल तर चुलीच्या किंवा बल्बच्या उबेच्या जवळपास, पण थेट उष्णता न लागता ठेवा.

वाळलेला रॅप हाताला खरखरीत लागतो, केस उभे असतात, त्याला घाबरायचं कारण नाही. आधी केस जाळायचे. मास्किंग टेप जागेवर आहे ना बघा, जवळ थिनर-स्पिरिट काही नको, आणि लायटरची ज्योत मुठीवरनं भरभर फिरवा, एका जागी क्षणभरही थांबवायची नाही. रिंगेजवळ अर्धा इंच सोडा, तिथले केस ६०० च्या पेपरनं काढा, कारण बऱ्याच रिंगा प्लॅस्टिकच्या असतात. कोरड्या फडक्यानं काजळी पुसा.

आता खळ. मागावरच्या सुताला जशी खळ देतात तशीच इथं द्यायची, म्हणजे तंतू एकमेकांना धरून झोपतात. पण मैद्याची किंवा साबुदाण्याची खळ आपल्या हवेत नको. पावसाळ्यात त्याच्यावर बुरशी येते आणि बॅगेत ठेवलेला क्यू झुरळं कुरतडतात. वह्या बांधणारे बाइंडर खळीत मोरचूद घालतात ते त्याच्यासाठीच, पण मोरचूद विषारी असतं आणि इथं तर घामेजलेला हात तासन्‌तास लागणार, तेव्हा ते अजिबात घालू नका. एक भाग फेविकॉल आणि पाच भाग पाणी, एवढी पातळ खळ पुरते. फडकं बुडवून पिळा आणि रॅपवर पुसा, दोरा ओलसर झाला पाहिजे, थबथबला नाही पाहिजे.

ओलसर आहे तोवर दाबायचं. एकानं बट फिरवायचा, दुसऱ्यानं काचेची बाटली आडवी धरून जोर देऊन एका टोकाकडनं दुसऱ्या टोकाकडं न्यायची. दिशा वेढ्यांचीच, म्हणजे क्यूच्या भोवतीनं, लांबीच्या दिशेनं घासलं तर वेढे सरकतात. पाच-सहा वेळा इकडनं तिकडं गेलात की आवाज बदलतो. सुरुवातीला खरखर येते, मग ती बारीक होत जाते आणि काच नुसती सरकायला लागते. तिरक्या उजेडात धरून बघा, गोल दोऱ्यांचे कंगोरे जाऊन वरनं चपट्या पट्ट्या दिसायला लागतात आणि पृष्ठभागाला मंद चमक येते. वाळू द्या, ६०० चा पेपर अगदी हलका एकदा फिरवा, आणि खळ व दाबणं परत एकदा करा. दोन हात बहुतेक पुरतात. तिसरा दिला तर चमक वाढते पण घाम पिण्याची ताकद कमी होते, म्हणून मी दोनवरच थांबतो. वरनं लॅकर किंवा वॉर्निश तर कुणी मारूच नका. तसं केलं की लिनन आणि प्लॅस्टिकमध्ये काही फरक राहत नाही, मग एवढा सगळा उद्योग कशाला केला.

मास्किंग टेप ओढताना ती रॅपकडनं लाकडाकडं ओढा. पहिले आठ-दहा दिवस मूठ जरा कडक वाटते, खेळता खेळता हाताला बसते.

वापरताना फार काही पाळायला लागत नाही. खेळून झालं की कोरड्या सुती फडक्यानं मूठ पुसायची. पावडर लावायची सवय सोडा, घामात मिसळून ती दोऱ्यांच्या मधे लगद्यासारखी बसते, आणि क्यूच्या टोकाला लावायच्या चॉकनं निळी झालेली बोटं पण मुठीवर पुसू नका. मळ दिसायला लागला तर ओलसर फडकं वेढ्यांच्या दिशेनं फिरवायचं, लगेच बाटलीनं घासून परत दाबायचं. पावसाळा संपला की दसऱ्याच्या सुमाराला हे एकदा करा, वर्षभर मूठ गुळगुळीत राहते. क्यू भिंतीला टेकवून किंवा गाडीच्या डिकीत दिवसभर उन्हात ठेवू नका, रॅपखालचा गोंद मऊ पडतो आणि क्यूच वाकला तर रॅपचा काही उपयोग नाही. पावसात बॅगेत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका आणि घरी आल्यावर बॅगेची चेन उघडी ठेवा.

खेळताना टेबलाच्या कडेला लागून मधला एखादा वेढा तुटला तर लगेच सगळा रॅप काढायला घेऊ नका. सुटलेली टोकं कापायची नाहीत. सुईनं दोन्ही टोकांखाली घट्ट फेविकॉल सोडा, टोकं ताणून जागेवर बसवा, वरनं टेप गुंडाळून रात्रभर ठेवा, सकाळी ओलसर करून दाबा. ताणानं आणि नीट दाबून बांधलेला रॅप असेल तर शेजारचे वेढे हलत नाहीत आणि ही दुरुस्ती टिकते. शेजारी पण फटी पडायला लागल्या, नख लावलं की तीन-चार वेढे एकदम सरकतात असं झालं, तर मात्र ताण गेलाय, पातं घ्या आणि पहिल्यापासनं नवा बांधा.